राळ आणि धागा : लाटेवरच्या फळीचा पूर्वेतिहास

मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे गाव पंचक्रोशीत म्हातोबाच्या बगाडासाठी ओळखले जाते. जगाला मात्र ते गेल्या पाव शतकात माहीत झाले ते राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे. या उद्यानातील कोणताही संगणक उघडून पाहिला, तर त्याच्या पोटात तांब्याच्या बारीक रेषा वागवणारी, बहुधा हिरव्या रंगाची, एक पाटी दिसते. काचेच्या धाग्यांनी विणलेल्या कापडाचे थर इपॉक्सी नावाच्या राळेत भिजवून, त्यांना उष्णता आणि दाब देऊन ही पाटी तयार होते. अमेरिकेत १९६८ साली या जातीच्या पाटीला ‘एफआर-४’ असे नाव मिळाले आणि ते आजही चालू आहे. आता समुद्राच्या लाटेवर उभे राहून किनाऱ्याकडे घसरत येण्यासाठी वापरतात तो सर्फबोर्ड घ्या. त्याच्या पोटात हलका फोम असतो, पण त्याच्या अंगावरची कातडी, म्हणजे ज्या भागावर त्याची सारी ताकद अवलंबून असते तो भाग, पुष्कळदा पुन्हा काचकापड आणि इपॉक्सी राळ यांचाच असतो. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या अलीकडे बसलेल्या गावातला संगणक आणि लाटेवरची फळी हे नात्याने इतके जवळचे आहेत.

या नात्याचा इतिहास मराठीत फारसा कोणी सांगितलेला नाही. तंत्रज्ञान परदेशातून आले, आपण ते वापरले, एवढ्यावरच आपली समजूत थांबते. प्रस्तुत लेखाचा प्रयत्न असा आहे की, धागा आणि राळ यांना एकत्र आणण्याची कल्पना आपल्या किनाऱ्यालाही जुन्या काळापासून ठाऊक होती, हे दाखवावे. आणि विसाव्या शतकात या कल्पनेत नेमका कोणता बदल झाला, त्याने काय मिळाले आणि काय गेले, हे तपासावे.

प्रथम शब्दाकडे पाहू. आम्हा भाषेच्या अध्यापकांना ‘राळ’ हा शब्द भेटतो तो वाक्प्रचारात. एखाद्यावर टीकेची राळ उडवली जाते. या वाक्प्रचारामागे रंगभूमीवरचे एक दृश्य आहे. कोकणातल्या दशावतारी खेळात राक्षसाच्या पात्राचा प्रवेश होताना मशालीवर राळेची पूड फेकतात, भपकन ज्वाळा उठते, आणि मग ते पात्र दिसते. राळ म्हणजे झाडाचा वाळलेला स्राव. सालवृक्षापासून ती मिळते, आणि पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील धूपवृक्षापासून पांढरा डामर मिळतो. ती ज्वालाग्राही आहे म्हणून रंगभूमीवर गेली, सुगंधी आहे म्हणून देवघरात गेली. चिकट आहे आणि पाण्याला दाद देत नाही, म्हणून ती नावेवरही गेली. हा तिसरा उपयोग भाषेत मात्र वाक्प्रचार होऊन उरला नाही.

‘लॅमिनेशन’ या शब्दाची गत याहून वेगळी आहे. मराठी माणसाला तो झेरॉक्सच्या दुकानात भेटतो. गुणपत्रिकेवर किंवा ओळखपत्रावर प्लॅस्टिकचे पारदर्शक आवरण चढवणे म्हणजे लॅमिनेशन. सुतारकामात ‘लॅमिनेट’ म्हणजे ओट्याखालच्या कपाटावर चिकटवलेला सनमायका. मूळ कल्पना याहून व्यापक आहे. पातळ थरांवर थर देऊन, त्यांना एकमेकांशी बांधून, सुट्या थरांत नसलेली ताकद निर्माण करायची. यात धागा ताण सोसतो आणि चिकटा धाग्याला जागच्या जागी धरून ठेवतो. सुटे कापड ताणायला बळकट असते, पण दाबले की दुमडते. नुसती राळ दाब सोसते, पण वाकवली की तडकते. दोहोंचा संयोग झाला की एकाचे उणे दुसरे भरून काढते.

ही कल्पना आपल्याकडे निरनिराळ्या कामांत वापरात होती. भस्मे तयार करणारे वैद्य दोन मातीच्या परळांची तोंडे जुळवून त्यांवर चिखलात भिजवलेल्या कापडाचे वेढे देत. याला कपडमाती म्हणतात. नुसती माती भट्टीत तडकली असती आणि नुसते कापड जळून गेले असते. दुसरे उदाहरण सावंतवाडीच्या गंजिफांचे. या गोल पत्त्यांसाठी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवतात, वर खडूचा लेप देतात, दगडाने घोटून पृष्ठभाग गुळगुळीत करतात, चित्रे रंगवतात आणि शेवटी लाखेचा थर चढवतात. कापड, चिकटा, भराव, घोटाई आणि वर चकचकीत पाणरोधक लेप हा क्रम ध्यानात ठेवावा. सर्फबोर्ड तयार करणाऱ्या कारखान्यात आपल्याला जवळजवळ हाच क्रम पुढे भेटणार आहे.

समुद्रावर या कल्पनेचे सर्वांत मोठे रूप म्हणजे शिवलेली नाव. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर शतकानुशतके लाकडी फळ्या खिळ्यांनी ठोकण्याऐवजी काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवत असत. फळीच्या कडेला भोके पाडायची, सांध्यावर नारळाच्या सोडणाचा भराव ठेवायचा, त्यावरून दोरी आवळायची, आणि मग भोके व फटी राळ आणि तेल यांनी बुजवायच्या. तेराव्या शतकात मार्को पोलोने होर्मुझ येथे अशा नावा पाहिल्या आणि त्यांची नापसंतीने नोंद केली. त्या नावांना डांबर लावलेले नसून माशाचे तेल चोपडलेले आहे आणि त्यांतून प्रवास करणे धोक्याचे आहे, असे त्याचे म्हणणे होते. चौदाव्या शतकातील इब्न बतूता याने मात्र या शिवणीचा गुण ओळखला. खडकावर आपटल्यावर खिळ्यांची नाव फुटते, शिवलेली नाव लवते आणि तगते, असे त्याने सांगितले. आजच्या भाषेत बोलायचे तर एकाला कठीणपणा हवा होता, दुसऱ्याला चिवटपणा दिसला. पदार्थविज्ञानात हा वाद आजही संपलेला नाही.

या नावेची आणखी एक खूण लक्षात घेण्याजोगी आहे. तिची दोरी कुजते आणि तिची राळ झिजते. म्हणून ठराविक काळाने नाव किनाऱ्यावर ओढून, शिवण उसवून, नव्याने शिवावी लागे. झाडाची राळ तापवली की मऊ होते, निवली की पुन्हा घट्ट होते, आणि हे कितीही वेळा करता येते. ही दुरुस्ती म्हणजे नावेच्या आयुष्याचा एक नियमित ऋतूच होता, आणि त्या ऋतूवर किनाऱ्यावरचा एक कारागीरवर्ग जगत होता.

पुढे खिळे आले. युरोपीय जहाजबांधणीशी संबंध वाढला तसा पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या जहाजांत लोखंडाने सांधलेल्या फळ्यांचा प्रघात दृढ झाला. मराठ्यांच्या आरमाराला लाकूड किती मोलाचे वाटत होते हे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रावरून दिसते. आरमारासाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडे तिच्या संमतीवाचून तोडू नयेत, हा त्यातला विचार सर्वपरिचित आहे. अठराव्या शतकात सुरतेहून मुंबईत आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने सागवानी जहाजांची एक मोठी परंपरा निर्माण केली. १८१७ साली मुंबईत बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर तरंगते आहे. परंतु लाकडी जहाजाचा एक जन्मजात दुबळेपणा सागवानानेही जात नाही. फळी कितीही उत्तम असो, दोन फळ्यांमध्ये सांधा असतो, आणि समुद्र आत शिरतो तो सांध्यातून.

याचा विसाव्या शतकातला एक साक्षीदार मुंबईतच बांधला गेला. ‘सुहेली’ ही बत्तीस फुटी सागवानी शिडाची नौका १९६४ साली मुंबईत पाण्यात उतरली. तिचा एक मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश व्यापारी नौदलातील तरुण अधिकारी होता. जून १९६८ ते एप्रिल १९६९ या ३१२ दिवसांत त्याने या नौकेतून, कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारा तो जगातला पहिला माणूस. प्रवासाच्या आरंभीच, अटलांटिक महासागरात, सुहेलीच्या तळकण्याजवळच्या सांध्यांतून पाणी येऊ लागले. नॉक्स-जॉन्स्टनने पाण्यात बुड्या मारून, श्वास रोखून, त्या सांध्यांत कापूस ठासला, त्यावर डांबर लावलेली कॅनव्हासची पट्टी तांब्याच्या चुकांनी ठोकली आणि वर तांब्याचा पत्रा बसवला. पुन्हा तंतू आणि पुन्हा राळेच्या जातीचा चिकटा! यंत्रयुग चंद्राच्या उंबरठ्याशी पोचले होते त्या वर्षी मुंबईत बांधलेल्या नौकेचा जीव वाचवला तो शिवलेल्या नावेला परिचित असलेल्या युक्तीने.

आता पॅसिफिक महासागराकडे वळू, कारण सांधा नाहीसा करण्याची कथा तेथील एका क्रीडासाधनातून अधिक स्पष्ट होते. हवाई बेटांवरचे लोक लाकडी फळीवर उभे राहून लाटा तोडत येतात हे दृश्य कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतील अधिकाऱ्यांनी १७७९ साली टिपून ठेवले. ‘आलाइआ’ या आखूड पातळ फळ्या आणि ‘ओलो’ या लांब जाड फळ्या कोआ, विलीविली अशा झाडांच्या अखंड लाकडातून कोरत. तयार फळीला काळा रंग देऊन कुकुईच्या, म्हणजे जंगली अक्रोडाच्या, तेलाने घोटत. वापरून झाल्यावर फळी वाळवून, पुन्हा तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवत. म्हणजे येथेही लाकूड, लेप आणि नियमित निगा हीच त्रयी होती. फळी जड होती आणि लाकूड पाणी पीत होते, ही तिची मर्यादा. १९३२ साली अमेरिकेतील टॉम ब्लेक याने पोकळ फळीचे पेटंट घेतले. तिने वजन घटवले, पण सांधे वाढवले.

त्याच सुमारास तीन वेगवेगळ्या वाटांनी तीन वस्तू एका ठिकाणी येत होत्या. पहिली काचेचा धागा. १९३२ साली ओवेन्स-इलिनॉय या अमेरिकी कंपनीच्या प्रयोगशाळेत वितळलेल्या काचेच्या धारेवर हवेचा झोत पडला आणि काचेचे केसासारखे तंतू उडाले. त्यातून पुढे काचतंतूंचा उद्योग उभा राहिला. दुसरी वस्तू कृत्रिम राळ. स्वित्झर्लंडमधील पियरे कास्तां हा रसायनतज्ज्ञ दंतवैद्यकाच्या साहित्याचे उत्पादन करणाऱ्या कंपनीत काम करीत होता. दातांच्या कवळ्यांसाठी योग्य पदार्थ शोधताना तिसाव्या दशकाच्या अखेरीस त्याला इपॉक्सी राळ सापडली. त्याच सुमारास अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली याने रंगलेपांच्या संदर्भात हाच शोध स्वतंत्रपणे लावला. कास्तांचा शोध सिबा कंपनीने घेतला आणि १९४६ साली ‘अ‍ॅराल्डाइट’ या नावाने बाजारात आणला. आपल्या घरात फुटलेली बशी जोडायला दोन नळ्यांतले पदार्थ पोस्टकार्डावर कालवून वापरतात, तेच हे अ‍ॅराल्डाइट. तिसरी वस्तू फोम, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी भरलेले, पिसासारखे हलके प्लॅस्टिक.

दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या आणि रडारच्या आवरणांसाठी काचकापड व कृत्रिम राळ यांचा संयोग झाला. युद्ध संपताच तो कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पोचला. १९४६ च्या सुमारास काचतंतूंची पहिली सर्फबोर्डे दिसू लागली. बॉब सिमन्स या गणिताची जाण असलेल्या लाटस्वाराने पॉलिस्टायरीन फोमचा गाभा वापरून पाहिला. येथे एक रासायनिक अडचण उभी राहिली. तेव्हा सहज मिळणारी स्वस्त राळ म्हणजे पॉलिस्टर. तिच्यात स्टायरीन असते आणि स्टायरीन पॉलिस्टायरीनच्या फोमला विरघळवून टाकते. राळ ओतावी तर गाभाच खाऊन टाकते! यावर १९५८ साली होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी वेगळा उपाय काढला. त्यांनी राळ तीच ठेवली आणि फोम बदलला. पॉलियुरेथेनच्या फोमवर पॉलिस्टर राळेचा परिणाम होत नाही. क्लार्कच्या कारखान्याने पुढे जवळजवळ अर्धशतक अमेरिकेतील बहुतांश सर्फबोर्डांना गाभा पुरवला.

५ डिसेंबर २००५ रोजी हा कारखाना एकाएकी बंद झाला. विषारी रसायनांसंबंधीचे सरकारी नियम आणि कामगारांच्या आरोग्यावरून होऊ शकणारे खटले यांची धास्ती क्लार्कने आपल्या पत्रात व्यक्त केली होती. एका माणसाच्या निर्णयाने एक संपूर्ण हस्तव्यवसाय गाभ्याविना उभा राहिला. या टंचाईत अनेक कारागीर पॉलिस्टायरीन फोमकडे वळले, आणि तो फोम न विरघळवणारी राळ म्हणजे इपॉक्सी. तोवर बाजूला राहिलेली महाग आणि संथ राळ अशा रीतीने मुख्य प्रवाहात आली. तंत्राचा इतिहास नेहमीच श्रेष्ठतेच्या क्रमाने पुढे सरकत नाही. पुष्कळदा तो एखादे दार बंद झाल्यामुळे वळण घेतो.

इपॉक्सीने कापड चढवण्याचे काम कसे होते, हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण ते अजूनही हातानेच होते. फोमचा गाभा तासून, घासून त्याला आकार देतात. त्यावर काचकापड अंथरतात. चौरस मीटरला सुमारे १३५ किंवा २०० ग्रॅम वजनाचे कापड यासाठी रूढ आहे. जेथे पावलांचा दाब पडतो त्या वरच्या अंगावर बहुधा दोन थर, खालच्या अंगावर एक. कडेवरून कापड दुमडताना वळणावर घडी पडू नये म्हणून त्याला लहान काप देतात. मग राळ आणि कठिणक यांचे प्रमाण तराजूवर तोलून दोन्ही द्रव सावकाश ढवळतात. प्रमाण चुकले तर राळ कायमची चिकट राहते. मिश्रण भांड्यात साचून राहिले तर स्वतःच्याच उष्णतेने तापते आणि वेळेआधी घट्ट होते, म्हणून ते लगेच कापडावर पसरावे लागते. रबराच्या पट्टीने राळ मधोमधून कडांकडे ओढत नेतात. पांढरे कापड भिजले की पारदर्शक होते, आणि ते दिसेनासे झाले म्हणजे काम बरोबर झाले असे समजतात. जादा राळ पट्टीने काढून टाकतात, कारण ती वजन वाढवते, ताकद नव्हे.

या कामात हवामानाला मोठे स्थान आहे. फोमच्या पोटात हवा असते. दिवस तापत असताना ती फुगते आणि ओल्या कापडाखाली बुडबुडे उठतात. म्हणून अनुभवी कारागीर ऊन उतरू लागल्यावर कापड चढवतो. निवत जाणारा गाभा हवा आत ओढतो आणि राळही आत खेचून घेतो. दमट हवेत कठिणकातील अमाइन हवेतल्या ओलाव्याशी व कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून पृष्ठभागावर मेणचट साय धरते. ती पाण्याने घासून काढली नाही तर पुढचा थर धरत नाही. कोकणात पावसाळ्यात हे काम करणाऱ्याला ही साय किती जाचत असेल याची कल्पना करता येते. पहिल्या थरानंतर कापडाची वीण बुजवणारा दुसरा लेप, मग घासाई, मग शेवटचा लेप. ऊन लागून इपॉक्सी पिवळी पडते, म्हणून वर रंग किंवा वार्निश. गंजिफा करणाऱ्या चिताऱ्याला या क्रमात काही अनोळखी वाटले नसते.

अनोळखी असते ते एकच, आणि तेच या इतिहासातले मुख्य वळण आहे. झाडाची राळ तापवली की पुन्हा वितळते. इपॉक्सी एकदा घट्ट झाली की कधीच वितळत नाही. तिच्यातील रेणू एकमेकांशी जाळ्यासारखे बांधले जातात आणि ती गाठ उष्णतेने सुटत नाही, फार तापवले तर ती जळते. म्हणून तिच्यात सांधा उरत नाही, आणि म्हणूनच ती उसवताही येत नाही.

या वळणाचे आपल्याकडचे सर्वांत बोलके उदाहरण गोव्यात मांडवीतील दिवाडी बेटावर घडले. भारतीयाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. कमांडर दिलीप दोंदे यांनी ती स्वीकारली. नौका बांधण्याचे काम रत्नाकर दांडेकर यांच्या अक्वेरियस शिपयार्डकडे आले. नेदरलँड्समधील व्हॅन द स्टाट यांचा ‘टोंगा ५६’ हा आराखडा निवडण्यात आला. रेड सीडर या हलक्या लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून नौकेचे अंग तयार झाले आणि त्यावर काचकापड व इपॉक्सीचे आवरण चढले. हलका गाभा आणि दोन्ही बाजूंनी ताण सोसणारी कातडी, ही रचना सर्फबोर्डाचीच. येथे फोमच्या जागी लाकूड आहे आणि फळी छप्पन्न फूट लांब आहे एवढेच. फेब्रुवारी २००९ मध्ये नौका नौदलाकडे आली. तिला मांडवीचे वरच्या खोऱ्यातले नाव मिळाले, ‘म्हादेई’.

ऑगस्ट २००९ मध्ये दोंदे मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबत मे २०१० मध्ये परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या तयारीत सुहेलीच्या नॉक्स-जॉन्स्टन यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले होते. नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३ या काळात अभिलाष टॉमी यांनी त्याच म्हादेईतून, कोठेही न थांबता, प्रदक्षिणा पूर्ण केली. त्याच आराखड्यावर त्याच ठिकाणी बांधलेली ‘तारिणी’ २०१७ साली नौदलात आली. सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी, आणि ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकाऱ्यांनी तिच्यातून प्रदक्षिणा केली. सुहेलीच्या कप्तानाला अटलांटिकमध्ये ज्या कामासाठी पाण्यात उतरावे लागले, ते काम येथे नौका पाण्यात उतरण्यापूर्वी दिवाडीच्या शेडमध्ये रबरी पट्टीने झालेले होते.

आणि तरीही ही कथा येथे संपत नाही. त्याच गोव्यात ‘होडी इनोव्हेशन्स’ या संस्थेने एक शिवलेली नाव बांधली. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील, पाचव्या शतकातल्या जहाजाच्या चित्रावरून तिचा आकार घेतला. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या, नारळाचा काथ्या आणि नैसर्गिक राळ यांनी सांधे बंद केले. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ती ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाली. चित्र महाराष्ट्रातल्या लेण्यातले, नाव गोव्यात बांधलेली. मात्र ती शिवणारे कारागीर केरळातून आले, आणि त्यांचे प्रमुख होते बाबू शंकरन. ही गोष्ट आपण विचारात घेतली पाहिजे. चित्र दीड हजार वर्षे टिकले, कारण ते खडकावर होते. शिवण्याची विद्या मात्र हातांत असते. हात थांबले की ती जाते, आणि ज्या प्रदेशात ते थांबले नाहीत तेथून ती आणावी लागते.

न वितळणाऱ्या राळेने जे दिले त्याची किंमतही सांगितली पाहिजे. इपॉक्सीच्या कठिणकाची त्वचेला एकदा बाधा झाली की ती आयुष्यभर राहते. पुढे थोड्याशा स्पर्शानेही अंगावर चट्टे उठतात आणि त्या कारागिराला व्यवसाय सोडावा लागतो. घासाईत उडणारी काचेची धूळ त्वचेला, डोळ्यांना व श्वासाला त्रास देते. हातमोजे, मुखवटा आणि वाहती हवा या गोष्टी चैनीच्या नाहीत. क्लार्कचा कारखाना ज्या भीतीने बंद झाला ती भीती निराधार नव्हती. दुसरी किंमत शेवटाची आहे. लाकडाची मोडकी होडी चुलीत जाते किंवा मातीत मिळते. काचकापडाची होडी, मोडका सर्फबोर्ड आणि हिंजवडीच्या कचऱ्यात निघणारी हिरवी पाटी यांतले काहीही मातीत मिळत नाही आणि वितळवून पुन्हा ओतता येत नाही. पाटीतले तांबे आणि सोने काढून घेण्यासाठी लोक तिच्यावर कष्ट घेतात. काच आणि राळ मात्र मागे उरतात.

आमच्या दृष्टीने सर्वांत मोठा प्रश्न नोंदींचा आहे. म्हादेईची कथा आपल्याला ठाऊक आहे याचे एक कारण म्हणजे दोंदे यांनी ती पुस्तकरूपाने सांगितली. पण कोकणातल्या बंदरांवर गेल्या काही दशकांत लाकडी होड्यांच्या शेजारी ज्या ‘फायबरच्या’ होड्या उभ्या राहिल्या, त्या बांधणाऱ्या हातांची अशी नोंद कोठे आहे? बोलण्यात आपण त्या होडीला ‘फायबरची’ म्हणतो, राळेचे नावही घेत नाही. कॅलिफोर्नियातला लाटस्वार आपल्या फळीला राळेच्या नावाने ओळखतो, आपण धाग्याच्या नावाने. दोन्ही नावे अर्धीच आहेत. शेडमध्ये काम करणारा कारागीर मात्र ‘रेझिन’, ‘हार्डनर’, ‘मॅट’, ‘जेलकोट’ हे शब्द रोज वापरतो, आणि मिश्रण केव्हा तापू लागले हे भांड्याला हात लावून सांगतो. त्याचे हे शब्द कोशांत नाहीत, आणि त्याचे हे ज्ञान आमच्या अभ्यासक्रमात नाही.

विद्यापीठांतील मराठी विभाग लोकसाहित्याच्या नावाखाली ओव्या आणि गाणी गोळा करतात, आणि ते योग्यच आहे. त्याच वहीत दिवाडीच्या, मालवणच्या, हर्णैच्या किनाऱ्यांवरील कारागिरांची बोली आणि त्यांच्या कामाचा क्रम हेही लिहून घेता येईल. शिवलेल्या नावेच्या बाबतीत ही संधी आपल्या हातून निसटली, फायबरच्या होडीच्या बाबतीत ती अजून हातात आहे. ही होडी बांधणारी पहिली पिढी आता वयस्कर होत चालली आहे, आणि तिच्याकडे जाण्यासाठी वहीपेक्षा अधिक काही लागत नाही.